बर्गरचा हिशोब: भाव, दर्जा आणि हलालचा कागद

कळमेश्वरहून काटोल रोडने निघालं की नागपूर काही दूर नाही. पूर्वी ईदची खरेदी आटोपली की मोमीनपुऱ्यात कबाब किंवा बिर्याणी खाऊन परतायचं, हे ठरलेलं असे. आता मुलं घरून निघतानाच सांगून ठेवतात, "बर्गर पाहिजे." ईदी त्यांच्याच खिशात असते, त्यामुळे नाही म्हणायची सोयही राहत नाही. मग घरातल्या मोठ्यांनी निदान एवढं तरी पाहावं, की कुठे जायचं, किती मोजायचे आणि त्या पावात नेमकं आहे काय.

मॅकडोनाल्ड्स भारतात 1996 साली आलं, दिल्ली आणि मुंबईत. गोमांस आणि डुकराचं मांस या कंपनीने इथे विकलंच नाही. त्यामुळे आपल्यापुढचा प्रश्न कोंबडीचा आहे: ती कशी कापली? ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीने ट्विटरवर एका ग्राहकाला उत्तर देताना सांगितलं, की आमच्या सगळ्या रेस्टॉरंटना हलाल प्रमाणपत्र आहे आणि व्यवस्थापकाकडे ते पाहायला मागता येईल. त्यावरून मोठा गदारोळ झाला, पण आपल्या कामाची गोष्ट उत्तराच्या दुसऱ्या भागात आहे. कागद मागता येतो. काउंटरवर मागायला लाजू नये. त्यावर कोणत्या संस्थेचं नाव आहे आणि मुदत कधी संपते, हे पाहावं. एका साखळीचा कागद दुसरीला लागू होत नाही. बर्गर किंग असो वा गल्लीतलं नवं दुकान, प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारायचं.

इथे बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. भिंतीवरचा एफएसएसएआयचा परवाना म्हणजे हलालचं प्रमाणपत्र नव्हे. तो सरकारी परवाना अन्न सुरक्षित आणि स्वच्छ असण्याबद्दलचा. त्याचा 14 अंकी क्रमांक 2022 पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. हलालचं प्रमाणपत्र देतात त्या खासगी संस्था, उदाहरणार्थ जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट किंवा हलाल इंडिया. दोन्ही कागद वेगळे आणि दोन्ही हवेत.

दर्जाच्या बाबतीत मोठं नाव म्हणजे सगळं निर्धास्त, असंही नाही. 2023 च्या अखेरीस आपल्याच राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगरच्या एका मॅकडोनाल्ड्सवर कारवाई केली. आक्षेप असा होता, की काही पदार्थांत वनस्पती तेलाचा चीजसारखा पर्याय वापरला, पण मेनूवर मात्र 'चीज' लिहिलं. कंपनीने काही पदार्थांची नावं बदलली, त्याचबरोबर आपण खरंच चीज वापरतो असंही ठामपणे सांगितलं. वाद कुणी जिंकला हे बाजूला ठेवू. नावावर जाऊ नका, घटक विचारा, एवढं मात्र आपण त्यातून उचलावं. मोठ्या साखळ्यांना मेनूवर उष्मांक लिहावे लागतात, तेही एकदा वाचून पाहा. मोठा कोला आणि फ्राइज धरून बेरीज केली, की बर्गर बिचारा निरपराध वाटू लागतो!

आता भाव. 2004 मध्ये मॅकडोनाल्ड्सने 20 रुपयांचा मेनू काढला आणि आलू टिक्की बर्गर मध्यमवर्गाच्या तोंडी बसवला. आज त्या पैशांत तो मिळत नाही. मेनूवरच्या आकड्यावर 5 टक्के जीएसटी असतो. घरपोच मागवलं तर पॅकिंग आणि पोहोचवण्याचा खर्च वेगळा. शिवाय "मील करू का?" या एका गोड प्रश्नाने बिल बरंच फुगतं. चार माणसांनी चार बर्गर आणि दोनच फ्राइज घेतल्या, पाणी घरून नेलं, तर तेच जेवण बरंच स्वस्त पडतं.

या दुकानांचा पसारा भराभर वाढतोय. महाराष्ट्रात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या वेस्टलाइफ कंपनीची रेस्टॉरंट 2024 मध्ये 400 च्या पुढे गेली आणि 2027 पर्यंत 580 ते 630 करण्याचा बेत आहे. बर्गर किंग 2014 मध्ये दिल्लीत आलं. 2020 च्या डिसेंबरात शेअर बाजारात उतरलं तेव्हा त्याची अडीचशेच्या आसपास दुकानं होती, 2025 पर्यंत ती 500 पार झाली. कंपनीचा एकत्रित ताळेबंद मात्र तोट्यातच राहिला. दोन बर्गर स्वस्तात देण्याच्या त्या जाहिरातींमागे हीच ओढाताण आहे. आधी गिऱ्हाईक धरायचं, नफा पुढे पाहू.

मालक कोण, हा प्रश्नही हल्ली घरोघरी निघतो. 2023 च्या ऑक्टोबरात इस्रायलमधल्या मॅकडोनाल्ड्सने तिथल्या सैनिकांना फुकट जेवण दिलं आणि अनेक मुस्लिम देशांत बहिष्कार सुरू झाला. 2024 मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने तिथली दुकानं स्वतःकडे विकत घेतली. भारतातली कंपनी वेगळी आहे, पण विक्रीतला काही हिस्सा रॉयल्टी म्हणून मूळ कंपनीकडे जातोच. जावं की न जावं, हे ज्याने त्याने ठरवावं. माहिती मात्र अर्धवट नसावी.

देशी पर्याय पाहायचा तर जंबोकिंग आहे. 2001 मध्ये मुंबईत मालाड स्टेशनजवळ वडापावाने सुरू झालेली ही साखळी आता स्वतःला बर्गरवाली म्हणवते. सगळं शाकाहारी, त्यामुळे कोंबडी कशी कापली हा प्रश्नच उरत नाही.

आणि घरी? ज्या घरात शामी कबाब होतो, त्या घराला पॅटी कुणी शिकवायला नको. ओळखीच्या खाटिकाकडून अर्धा किलो चिकन खिमा, अर्धी वाटी शिजवून वाटलेली चणाडाळ, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. यात आठ ते दहा पॅटी होतात. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या तर तव्यावर फुटत नाहीत. थापताना मध्ये अंगठ्याने किंचित दाबा, नाहीतर फुगून गोल होतात. बनपाव लोणी लावून आतल्या बाजूने शेकायला विसरू नका, म्हणजे चटणीने तो भिजून लगदा होत नाही.