मृगाआधीची बेगमी

पुणे-नाशिक रस्त्यापासून जवळच असलेले आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मग्राम म्हणून. आणि ज्या गावाच्या नावाशी १२ डिसेंबर १९३० या दिवसाची स्मृती कायमची निगडित झाली, त्या गावातील सरपणाविषयी लिहावयास बसणे काहींना क्षुल्लकपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु विदेशी कापडाच्या मोटारीपुढे बाबू गेनू हा गिरणी कामगार मुंबईत उभा राहिला त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, पुसदपासून चिरनेरपर्यंत ठिकठिकाणची रयत राखीव रानात शिरून गवत व लाकूड तोडीत होती आणि त्यापायी लाठ्या-गोळ्या व तुरुंगवास पत्करीत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे चुलीतल्या लाकडाचा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही, हे पटण्यास अडचण पडू नये.

हिमप्रदेशांत सरपण साठवितात ते राहती खोली तापविण्यासाठी. आपल्या या मुलखात पौषात पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, तरी खोली तापविण्याचा प्रघात नाही. माणूस घोंगडीत शिरतो किंवा अंगणातील शेकोटीपाशी बसतो. घरातील उष्णता खर्ची पडते ती आंघोळीच्या पाण्यावर, बाळंतिणीच्या शेकशेगडीवर आणि अर्थातच भाकरीवर. त्यांतही पाणी तापविण्याचे काम सर्वांत खादाड. खेड्यात ते न्हाणीजवळच्या चुलीवरील हंड्यात होते. ऐपतदार घरांत आणि पुण्याच्या वाड्यांत त्याकरिता तांब्याचा बंब असे. कसब्यातील तांबट आळीत घडविलेला हा बंब म्हणजे मध्ये धुराडे, तळाशी जाळी आणि अंगाला तोटी असलेले एक लहानसे यंत्रच होते, आणि त्याच्या अरुंद तोंडातून जाईल असे बारीक लाकूड वखारीतून ‘बंबफोड’ या नावाने विकत मिळे.

महाळुंगे पडवळच्या परिसरात, म्हणजे भीमाशंकरच्या दाट रानापासून बऱ्याच पूर्वेस, जिथे पाऊस हात आखडता घेतो तिथे, सरपणाचा मुख्य आधार बांधावरची बाभूळ हाच होय. शेवगा किंवा पांगारा भरभर जळून जातो आणि मागे विस्तव ठेवीत नाही. वड, पिंपळ, उंबर यांना देवत्व आल्यामुळे कोणी सहसा चुलीत घालीत नाही. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे तोडावयाची तर १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते. बाभूळ मात्र न लावता येते, काट्यांनी स्वतःचे रक्षण करते, शेळ्यांना शेंगा देते, औताला लाकूड देते आणि सर्व देऊन झाल्यावर चुलीत उत्तम जळते. तिच्या वाळलेल्या लाकडात किलोमागे साडेचार हजार किलोकॅलरींहून अधिक उष्णता असते, आणि तिचा निखारा राखेखाली झाकून ठेवला तर सकाळी फुंकणीने पुन्हा फुलतो. काडेपेटी जपून वापरण्याच्या काळात या गुणाचे मोल फार होते.

ही बाभूळ फोडणे मात्र ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. ती ओली असतानाच फोडावी. एकदा कडकडीत वाळली की तिच्यावर कुऱ्हाडीची धार बोथट होते आणि फोडणाऱ्याचे खांदे भरून येतात. जाणता माणूस ओंडका आडवा पाडून लगेच घाव घालीत नाही. तो प्रथम त्याचे कापलेले तोंड पाहतो, गाभ्यापासून सालीकडे गेलेली एखादी केसासारखी चीर हेरतो, गाठ कोणत्या अंगाला आहे ते हाताने चाचपतो, आणि गाठ खाली व चीर वर अशा बेताने ओंडका दुसऱ्या लाकडाच्या बेचक्यात टेकवतो. मग पाय फाकून, कुऱ्हाड डोक्यावर नेऊन घातलेला पहिला घाव त्या चिरेतच बसला पाहिजे. तोंड उघडले की तिथे पाचर बसवून घणाने ठोकीत जावयाचे. पाचर शिरू लागली की ठोक्याचा आवाज बदलतो. आधी टणत्कार, मग भरीव, मग तंतू तुटल्याची करकर, आणि अकस्मात दोन फाळके दोन बाजूंना पडतात. गाठाळ बुंध्याच्या वाटेला शहाणा माणूस जात नाही. तो होळीसाठी राखून ठेवतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते, कारण बाभळीवर चालणाऱ्या कुऱ्हाडीचा दांडा पुष्कळदा बाभळीचाच असतो.

फोडण्याचा हेतू चुलीच्या तोंडात मावेल असा तुकडा करणे एवढाच आहे, असा शहरी समज असतो. वास्तविक लाकूड फोडावयाचे ते वाळण्यासाठी. ताज्या लाकडाच्या वजनाचा मोठा हिस्सा, कधीकधी निम्मासुद्धा, पाण्याचाच असतो. साल हे पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि न फोडलेला ओंडका उन्हाळाभर अंगणात पडला तरी गाभ्यात ओलाच राहतो. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे ओले लाकूड जाळणारी गृहिणी हंड्यातील पाण्याआधी लाकडातील पाणी तापवीत बसते, आणि त्याची फेड डोळ्यांतील धुराने करते. म्हणूनच रब्बीची सुगी उरकल्यावर तोड, फाल्गुनात फोड आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवण हा क्रम ठरून गेला. मृग नक्षत्र लागावयाच्या आत सरपण पडवीत आले नाही, तर त्या घरच्या कारभारणीचा पावसाळा कसा जाईल हे सांगावयास ज्योतिषी नको.

रचण्याचेही शास्त्र आहे. तळाला दगड मांडून त्यांवर जाड खांडे आडवी टाकावयाची, म्हणजे वाळवी चढत नाही व खालून वारा खेळतो. कडेला उभी-आडवी चौकट बांधीत जावयाचे, म्हणजे रास ढासळत नाही. भिंतीपासून वीतभर जागा मोकळी सोडावयाची. रोज लागणारे आपल्या बाजूला, गाठाळ मागे, आणि तुऱ्हाट्या, चिपाडे, गोवऱ्या पेटवणाला निराळ्या. राशीत हात घालण्यापूर्वी काठीने ठोकावे, हा नियम लहान मुलांनासुद्धा ठाऊक असतो, कारण विंचू आणि घोणस यांना ही जागा फार मानवते. कडब्याची गंजी आणि चूल यांत अंतर ठेवण्याची खबरदारी तर शिवछत्रपतींनीही सांगितली आहे. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील लष्करास धाडलेल्या पत्रात त्यांनी विस्तवाच्या हयगयीने गंजी कशा जळतील हे बजावले, आणि कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, फाटे उचलून न आणता बाजारातून विकत घेण्याची ताकीद दिली. जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या राजाला कुणब्याच्या सरपणाची किंमत कळत होती.

ती पुढील राज्यकर्त्यांना कळली नाही. १८७८ च्या वनकायद्याने राने राखीव झाली, वहिवाटीचे हक्क सवलती बनले, आणि डोंगर-गायराने जंगलखात्याच्या हद्दीत गेल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात कडक शब्दांत नोंदविली. या सर्व घडामोडींचा भार अखेरीस पडला तो बाईच्या डोक्यावरील चुंबळीवर. पुरुषाने लाकूड फोडले याचे कौतुक होते. मैल-दोन मैलांवरून मोळी आणणाऱ्या बाईचे काम कुठल्याही हिशेबात धरले जात नाही, आणि माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. डिंभे धरणाच्या पाण्याने तालुक्यात ऊस वाढला, उसात बिबटे वाढले, आणि पहाटे काटक्या वेचावयास निघणे जिवावरचे झाले.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसने चहा व भाजी घेतली. ही गोष्ट निःसंशय चांगली झाली; चुलीच्या धुराचे गोडवे बहुधा तो न खाल्लेली माणसेच गातात. परंतु हंडाभर पाणी सिलिंडरवर तापविणे परवडत नाही, म्हणून न्हाणीची चूल अनेक घरांत टिकून आहे आणि पुढेही काही वर्षे राहील. तोवर वाचकांपैकी ज्यांचा बांध शाबूत आहे त्यांना एवढीच विनंती की, बाभूळ पाडलीत तर पहिल्या पावसात त्याच बांधावर चार बिया टोचा. शेळ्यांच्या लेंड्यांतून पडलेले बी घेतलेत तर ते अधिक लवकर रुजते.