मोडलेले हाड आणि प्लास्टर

ओल्या अंगणात पाय घसरून तळहातावर पडलेल्या वृद्धेचे मनगट जेवणाच्या काट्यासारखे बाकदार दिसू लागले, की घरची मंडळी तेल चोळावयास बसतात. वस्तुतः डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शस्त्रवैद्याने १८१४ साली वर्णिलेला तो अस्थिभंग असण्याचाच संभव अधिक. हाड सांधते ते शरीरच: भंगस्थानी प्रथम रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेची मऊ गाठ धरते, तीत चुन्याचे क्षार साठून ती कठीण होते आणि पुढे कित्येक महिने तिची तासणी चालते. १८५२ साली मातायसेन या डच लष्करी शस्त्रवैद्याने प्रसिद्ध केलेल्या प्लास्टरच्या पट्टीकडे केवळ तुकडे जागी राखण्याचा बंदोबस्त असतो. मात्र प्लास्टरातील बोटे निळी वा बधिर पडली, किंवा असह्य ठणकू लागली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.