मोल दिले, अणू किती?

मागच्या भागानंतर इंदूरच्या एका मुलाने विचारलं, "सर, ०.२५ मोल लोखंडात अणू किती? माझं उत्तर पर्यायांत नाहीच." पोरगा एनडीएची तयारी करतोय. त्या लेखी परीक्षेत रसायनशास्त्र असतं आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. म्हणून आज एवढंच घेऊ.

फौजेत आमचा स्टोअरवाला खिळे मोजत बसत नसे, तोलून देई. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की किलोत किती बसतात ते कळतं. रसायनशास्त्रातही हीच युक्ती आहे. डझन म्हणजे १२, तसा एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. दहाचा तेविसावा घात. हा अ‍ॅव्होगॅड्रो अंक. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर टांगलेली होती. २० मे २०१९ पासून आकडाच पक्का केला : ६.०२२१४०७६ × १०²³. मला हे आवडलं, हुकूम कसा स्पष्ट असावा! परीक्षेला ६.०२२ पुरे.

आता लोखंड. पाच डझन केळी किती, तर पाच गुणिले बारा. तसंच इथे ०.२५ गुणिले ६.०२२ × १०²³, म्हणजे १.५०५५ × १०²³ अणू. वजन म्हणाल तर जेमतेम १४ ग्रॅम, कारण लोखंडाचा एक मोल ५५.८५ ग्रॅम भरतो.

आमच्या इंदूरकराने भागाकार केला होता. उत्तर आलं ४.१५ × १०⁻²⁵. अरे बाबा, हा तर एका अणूचा तुकडासुद्धा नाही! १४ ग्रॅम लोखंड तळहातावर दिसतं, मग अणू एकाहून कमी कसे? उत्तर लिहिण्याआधी असं एकदा डोळ्यांसमोर आणत जा. अणूंवरून मोल काढायचे असतील तेव्हाच भागायचं.

खरा सापळा पुढे आहे. प्रश्नात लोखंडाऐवजी '०.२५ मोल ऑक्सिजन वायू' असेल तर ते रेणूंचे मोल. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, म्हणून अणूंचे मोल ०.५ आणि अणू ३.०११ × १०²³. पेपर काढणारे हे मुद्दाम विचारतात.

गंधकाच्या रेणूत आठ अणू असतात. असे ०.२५ मोल रेणू घ्या आणि वहीत करून पाहा. १.२०४४ × १०²⁴ अणू यायला हवेत.