हाडाच्या आत लांबणारी सळई

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडे स्वच्छ करून घ्या. एक आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधूनमधून व्हिनेगर बदला. दुसरे निखाऱ्यांवर पांढरे होईपर्यंत भाजा. पहिले हाड रबरासारखे वाकते, दुसरे बोटांनी दाबताच खडूसारखे चुरते. आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि कोलॅजेन हे प्रथिन उरले. विस्तवात कोलॅजेन जळाले आणि क्षार उरले. स्लॅबमध्ये काँक्रीट दाब सोसते, ताण मात्र लोखंडी सळया सोसतात. हाडातल्या या सळया म्हणजे कोलॅजेन.

काही मुलांच्या हाडांत या सळयाच जन्मतः सदोष असतात. या आजाराला 'ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा' म्हणतात. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा असतो आणि साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, कारण पिळाच्या आतल्या अरुंद जागेत तेवढेच मावते. जनुकातल्या एका चुकीने तिथे मोठे अमिनो आम्ल आले, की पीळ बिघडतो. मग उशी उचलताना दंड मोडतो, कूस बदलताना मांडी.

मोडलेले हाड जुळते, पण बऱ्याचदा वाकडे. वाकड्या हाडावर भार पडला की बाहेरच्या बाजूला ताण येतो आणि ते तिथेच पुन्हा मोडते. प्लास्टरमध्ये पडून राहावे, तर न वापरलेले हाड आणखी विरळ होते. हे चक्र तोडणे हे शस्त्रक्रियेचे खरे काम.

हाडावर बाहेरून पट्टी आणि स्क्रू का लावत नाहीत? एक तर विरळ हाडात स्क्रू नीट धरत नाहीत. शिवाय पट्टीखालचा भाग ताठ होतो आणि पट्टी संपते त्या ठिकाणी हाड मोडते. आधार हवा तो आतून आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोफील्ड आणि मिलर या अमेरिकन शल्यविशारदांनी १९५९ साली आपला दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. वाकड्या हाडाचे तुकडे करायचे, ते सरळ रेषेत मांडायचे आणि मज्जेच्या पोकळीतून सळईवर मण्यांसारखे ओवायचे. (शल्यविशारद याला कबाबाची उपमा देतात, मला मणीच बरे वाटतात.)

पण मूल वाढते, सळई वाढत नाही. काही वर्षांत हाड सळईच्या पुढे जाते आणि आधार नसलेला तेवढाच तुकडा वाकतो, मोडतो. बेली आणि डुबो यांनी १९६३ साली यावर तोड काढली. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवा. एक पोकळ नळी, तिच्यात सरकणारी भरीव सळई. एकीचे टोक हाडाच्या वरच्या शेवटाला अडकवलेले, दुसरीचे खालच्या. हाड वाढताना दोन्ही टोके दूर जातात आणि सळई आपोआप लांबते. तिला ओढणारे बळ मुलाच्या वाढीचेच! सळई हाडाच्या वाढपट्टीतून आरपार जाते, पण ती गुळगुळीत आणि मध्यावर असल्याने वाढ सहसा थांबत नाही.

जुन्या सळईची टोके निसटत, आणि मांडीच्या हाडात ती बसवताना गुडघ्याचा सांधा उघडावा लागे. २००० सालच्या सुमारास माँट्रियलमध्ये फासिए आणि दुव्हाल यांनी आटे असलेली टोके वापरली. ती वरूनच आत फिरवून बसवता येतात. तरीही सळई कधी वाकते, कधी सरकणे थांबते, आणि मग ती बदलावी लागते. १९९८ पासून याच शहरातल्या संशोधनामुळे पामिड्रोनेटसारखी औषधेही रूढ झाली. ती हाडाची झीज मंदावतात. कोलॅजेनचा दोष मात्र तसाच राहतो.

सळई घातलेले मूल उभे राहू शकते, अनेकदा चालूही शकते. बुद्धीला या आजाराची झळ लागत नाही, म्हणून असे मूल तुमच्या वर्गात येऊ शकते. ते पडले तर हात धरून ओढून उठवू नका. कुठे दुखते हे त्यालाच विचारा, आणि कसे उचलायचे तेही. हाड मोडले की नाही, हे बहुधा ते मूलच सर्वांत आधी सांगते.