गाठ फॉर्मलिनमध्ये कधी पडली?

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट हातात आला की घरचे आधी ‘स्टेज’ शोधतात. डॉक्टरांची नजर मात्र ईआर, पीआर आणि हर-टू या तीन ओळींवर जाते. पहिल्या दोन संप्रेरकांच्या. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनला पकडणारं, पेशीकेंद्रात असणारं प्रथिन. ते सापडलं तर गाठ बहुधा इस्ट्रोजेनवर पोसली जातेय असं समजायचं. मग टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी काही वर्षं घेऊन रोग उलटण्याचा धोका बराच कमी करता येतो. ते नसेल तर त्या गोळीचा उपयोग नाही. एवढा मोठा निर्णय काचपट्टीवरच्या तपकिरी ठिपक्यांवर होतो.

गाठीचा तुकडा फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रवात मुरवून मेणात बसवला की त्याचा ‘ब्लॉक’ तयार होतो. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. कोमट पाण्यावर तरंगणारा काप न सुरकुतता काचपट्टीवर उचलून घेणं हे आजही तंत्रज्ञाच्या हाताचं कसब आहे. मग उष्णता देऊन फॉर्मलिननं झाकलेली प्रथिनं उघडी करायची, त्यांनाच चिकटणारी प्रतिपिंडं सोडायची आणि शेवटी रंग. ईआर असलेली केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. गाठीतल्या शंभरात एका पेशीचं केंद्रक तपकिरी झालं तरी निकाल पॉझिटिव्ह. एक ते दहा टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात.

पण चाचणीची खरी सुरुवात ऑपरेशन थिएटरमध्येच होते. गाठ बाहेर काढली, तिचा रक्तपुरवठा तुटला, तरी पेशींतली विकरं थांबत नाहीत. प्रथिनांची मोडतोड चालूच राहते. म्हणून गाठ तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडायला हवी आणि त्यात किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास राहायला हवी. मोठी गाठ चिरून ठेवली नाही तर ती घाईत उकडलेल्या बटाट्यासारखी होते, वरून पक्की, आत कच्ची. शनिवारी दुपारी ऑपरेशन, लॅब उघडणार सोमवारी, आणि बरणी नातेवाइकाच्या पिशवीत. त्या बरणीत फॉर्मलिनऐवजी सलाईन असेल तर पुढचं महागडं यंत्रही काही करू शकत नाही.

कॅनडातल्या न्यूफाउंडलँडमध्ये चाचणीतल्या अशा हलगर्जीपणाची किंमत बायकांनी मोजली. १९९७ ते २००५ या काळात तिथे ईआर निगेटिव्ह ठरवलेल्या हजारेक नमुन्यांची टोरांटोत फेरतपासणी झाली आणि जवळपास चारशे निकाल चुकीचे निघाले. ज्यांना गोळी लागू पडण्याची शक्यता होती त्यांना ती मिळालीच नव्हती. काहीजणी तोवर दगावल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगानं २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात गुणवत्ता-नियंत्रणाच्या ढिसाळपणावर बोट ठेवलेलं आहे.

खरं तर अशी चूक पकडायची सोय बऱ्याचदा त्याच काचपट्टीवर असते. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांतल्या काही पेशींत ईआर असतंच. त्याही तपकिरी झाल्या नाहीत तर गाठ निगेटिव्ह नाही, चाचणी नापास झाली आहे.

हर-टूची गोष्ट थोडी वेगळी. हे प्रथिन पेशीच्या आवरणावर दिसतं, गुण शून्य ते तीन. तीन म्हणजे ट्रास्टुझुमॅब हे औषध लागू. दोन आले तर ‘फिश’ चाचणीनं जनुकाच्या प्रती मोजायच्या. शून्य आणि एक यांतला फरक कुणी फारसा मनावर घेत नसे, कारण दोन्ही निगेटिव्हच. मग २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध एक गुण असलेल्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगातही उपयोगी ठरलं, आणि त्या पुसट रेषेवर आता पॅथॉलॉजिस्टमध्ये वाद झडतात.

रक्तातलं सीए १५-३ हे वेगळं प्रकरण. ‘ट्यूमर मार्कर’ म्हणून ते तपासणीच्या पॅकेजमध्ये विकलं जातं, मला ते पटत नाही. सुरुवातीच्या कर्करोगात ते बहुधा वाढत नाही, उलट यकृताच्या साध्या आजारातही वाढतं. पसरलेल्या रोगावर उपचार लागू पडतोय का, हे स्कॅनच्या जोडीनं पाहायला ते कामाचं.

रिपोर्टाची फाइल सगळेच सांभाळतात, ब्लॉक कुठे आहे हे मात्र कुणी विचारत नाही. न्यूफाउंडलँडची फेरतपासणी जुन्या ब्लॉकमुळेच शक्य झाली. मोठ्या कर्करोग रुग्णालयात दुसरं मत घ्यायला गेलात तर स्लाइडबरोबर ब्लॉकही मागतात. तो नेताना उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका; हे मेण साठेक अंशांच्या आतबाहेर वितळतं.