शैवल-मार्जनी : काचेच्या पेटीतील समुद्राची राखण

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातून समुद्र गाठावयाचा झाल्यास पश्चिम घाट उतरून दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दाराशीच समुद्र होता. मोहल्ल्यातील एखाद्या घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवावयाची, तर समुद्र घरीच तयार करावा लागतो. शंभर लिटर गोड्या पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षारमिश्रण विरघळवावे, तेव्हा ते समुद्राइतके खारे होते. बाजारातील मीठ येथे उपयोगी नाही. मासे व इतर सागरी जीवांना मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम हेही ठरावीक प्रमाणात लागतात. हे मिश्रण स्वस्त नसते. म्हणून पाणी वारंवार बदलण्यापेक्षा ते शुद्ध राखणे हाच येथे खरा प्रश्न ठरतो.

पाणी बिघडते कशाने? मासा खाल्लेल्या अन्नातील नत्राचा मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. अमोनिया विषारी आहे. वाळूत व दगडांवर राहणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. येथवर विषाची धार बोथट होते खरी; परंतु नत्र पेटीतच राहते. खाद्यातून आलेला स्फुरदही तसाच साचतो. काही आठवड्यांनी काचांवर व दगडांवर हिरवे तंतू दिसू लागतात. त्यांना पाहून पेटीचा धनी वैतागतो आणि काचा घासतो. वास्तविक हे शेवाळ त्याचेच काम करीत असते, फक्त नको त्या जागी.

ही जागा बदलण्याची युक्ती अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी काढली. प्रवाळखडकांवर लाटांच्या माऱ्यात आखूड शेवाळाची दाट हिरवळ वाढते, आणि मासे चरत असूनही ती पुनःपुन्हा फुटते, हे त्यांच्या अभ्यासाचे मूळ होते. पेटीबाहेर जाळीवर अशी हिरवळ वाढवावी, तिने पाण्यातील नत्र व स्फुरद शोषून घ्यावेत आणि मग ती खरवडून काढावी, ही ती पद्धत. तिचे पेटंट त्यांना 1982 साली मिळाले. ऑस्ट्रेलियातील टाऊन्सव्हिल येथे 1987 मध्ये उघडलेल्या प्रचंड प्रवाळ-मत्स्यालयाने आरंभी हीच पद्धत अवलंबिली. मराठीत या साधनास शैवल-मार्जनी म्हणता येईल. मार्जनी म्हणजे केरसुणी.

घरगुती मार्जनीला लागणारे साहित्य साधे आहे. लोकरीच्या भरतकामासाठी मिळणारी ताठ प्लास्टिकची जाळी घ्यावी आणि करवतीच्या पात्याने ती दोन्ही बाजूंनी इतकी खरखरीत करावी की हात फिरविल्यास बोचेल. या कामात आळस केला, तर शेवाळ धरत नाही, पाण्याबरोबर वाहून जाते. पीव्हीसीच्या नळीत सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची सरळ खाच पाडून तीत जाळीची वरची कड बसवावी. लहान पंपाने पेटीतील पाणी नळीत चढवावे, म्हणजे ते जाळीच्या दोन्ही अंगांनी पातळ पडद्यासारखे उतरून पुन्हा पेटीत पडते.

जाळीचे माप पेटीच्या आकारावर नव्हे, तर माशांना रोज किती खाद्य दिले जाते यावर ठरवावे. गोठवलेल्या खाद्याच्या एका लहान वडीमागे सुमारे 75 चौरस सेंटिमीटर जाळी पुरते, मात्र उजेड दोन्ही बाजूंनी हवा. जाळी दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर तासाला सुमारे पाचशे लिटर पाणी तीवरून वाहावे. दिवे पिवळसर किंवा तांबड्या प्रकाशाचे चालतात. आरंभी नऊ-दहा तास आणि शेवाळ धरल्यावर अठरा तासांपर्यंत ते ठेवावेत. पेटीचा दिवा मालवल्यावर हे दिवे चालू राहिले तर अधिक चांगले. रात्री माशांच्या श्वसनाने पाण्यात वाढणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ शोषून घेते.

खारे पाणी आणि वीज यांचा शेजार धोक्याचा असतो. दिव्यांवर तुषार उडू नयेत, तारा सॉकेटपाशी येण्यापूर्वी खाली झोल घेऊन वळाव्यात, आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण जोडावे. वीज गेल्यावर नळीतील पाणी पेटीत परत येते. त्याकरिता वर जागा मोकळी ठेवावी. हे काम मुलांनी वडीलधाऱ्यांवाचून करू नये.

पहिले काही दिवस जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर दिसतो. त्याने निराश होऊ नये. हिरवे तंतू त्याच्या मागून येतात. त्यानंतर दर सात ते दहा दिवसांनी जाळी काढून गोड्या पाण्याखाली शेवाळ खरवडावे, मात्र मुळाशी थोडे राहू द्यावे. ही कापणी चुकली, तर आतील थर उजेडावाचून कुजतो आणि शोषलेले सर्व द्रव्य पाण्यात परत येते. शेवाळामुळे पाण्यावर कधी पिवळसर छटा चढते; सक्रिय कोळशाने ती उतरते. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालावे, कारण क्षार उडून जात नाहीत.

पेटीत कोणते जीव ठेवावेत, याचाही विचार हवा. कठीण प्रवाळ व समुद्रघोडे यांना भारतात 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते घरी ठेवण्याच्या वस्तू नव्हेत. विदूषक माशांची बंदिस्त पैदास मात्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केली आहे, आणि अशा पैदाशीचे मासे घेतल्यास समुद्रातून काही उपसावे लागत नाही.

शेवाळ हे पीक आहे, ही कल्पना म्हैसूरला नवी नाही. येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात जर्मन सहकार्याने हौदांतून सूक्ष्म शैवलांची लागवड झाली होती. तेथे हेतू प्रथिनांचा होता. मार्जनीवरून निघालेले मूठभर शेवाळ खाण्यासाठी नव्हे. ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन मीठ काढावे, उन्हात वाळवावे आणि कुंडीच्या खतात मिसळावे. माशाने टाकलेले नत्र अशा रीतीने फुलझाडापर्यंत पोहोचते. कुक्करहळ्ळी तलावात किंवा गटारात ते टाकू नये.