चष्म्यातला रुग्ण

डॉक्टर होऊ पाहणारी मुले कधीतरी पहिल्यांदा सुई टोचतात, पहिल्यांदा टाके घालतात, पहिल्यांदा विषबाधेच्या रुग्णासमोर उभी राहतात. हे ‘पहिल्यांदा’ कुणाच्या अंगावर व्हावे, हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्यासाठी ‘योग्यासूत्रीय’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. योग्या म्हणजे सराव. शिष्याने कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी अशा फळांवर करावा, शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, पट्टी बांधण्यासाठी माणसाचा पुतळा घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. आज ज्याला व्हर्च्युअल रिअॅलिटी किंवा आभासी वास्तव म्हणतात, ते मला त्या कोहळ्याचेच पुढचे रूप वाटते.

हे असते तरी काय? डोळ्यांवर बांधायचा एक जाडसर चष्मा असतो. त्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात. मेंदू ती जुळवतो आणि खोली, अंतर, उंची यांचा भास होतो. आपण मान वळवली की चष्म्यातील यंत्रणा ती हालचाल टिपते आणि त्याच क्षणी दृश्यही वळते. हे काम सेकंदाला सत्तर ते नव्वद वेळा चालते. त्यात जरा उशीर झाला तर चक्कर येते. हातातल्या दांडीने विद्यार्थी आभासी सुई उचलतो, रुग्णाची नाडी पाहतो, औषध देतो.

अशा सरावाचा खरोखर उपयोग होतो का? अमेरिकेतील येल विद्यापीठात सोळा शिकाऊ शल्यचिकित्सकांवर याची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना संगणकाच्या पडद्यावरील आभासी सराव दिला, निम्म्यांना नेहमीचेच शिक्षण. मग सर्वांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची खरी शस्त्रक्रिया केली. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा शेजारचा भाग भाजण्याची शक्यता पाचपट अधिक आढळली. त्या वेळी डोळ्यांवरचा चष्माही नव्हता.

आता आपल्या भागाकडे येऊ. दारव्हा, दिग्रस, नेर हा कपाशीचा मुलूख. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मी दारव्ह्यात डॉक्टरी करतो. फवारणीचे दिवस आले की आम्हा डॉक्टरांचे कान टवकारलेले असतात. दारव्ह्याहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे चाळीस किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंतचा काळ तालुक्यातल्या डॉक्टरच्या हातात असतो, आणि तो डॉक्टर पुष्कळदा नुकताच शिकून आलेला असतो.

ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाची बाधा झाली की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात, छाती स्रावाने भरते. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवायचे, श्वास सांभाळायचा आणि अॅट्रोपीन द्यायचे. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा वाढवत न्यावी लागते. कमी पडले तर रुग्ण गुदमरतो, जास्त झाले तर ताप चढतो, तो बडबडू लागतो. पुस्तकात हे अर्ध्या पानात मावते. समोर रुग्ण असला, बाहेर नातेवाईक रडत असले, की ते अर्धे पान आठवत नाही. चष्म्यात मात्र हाच प्रसंग उभा करता येतो. मात्रा चुकली तर आभासी रुग्णाचा श्वास थांबतो, आणि विद्यार्थ्याला तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून हाताळता येतो. सर्पदंश किंवा बाळंतिणीचा रक्तस्राव यांचेही असेच. असे रुग्ण शिकण्यासाठी वेळापत्रक पाहून येत नाहीत.

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमतेवर आधारित नवा अभ्यासक्रम आला आणि २०२० च्या निकषांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली. तिथे पुतळ्यांवर सराव होतो. चष्म्याची जागा त्या पुतळ्यांच्या शेजारी आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. हातातली दांडी थरथरते, पण पोटाला हात लावून कळणारा ताठरपणा ती सांगत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी मृत्यूविषयी जो आदर शिकायला मिळतो, तो चित्रातून येत नाही. आणि चष्म्यातला रुग्ण बहुधा इंग्रजी बोलतो. आमचा माणूस ‘मयमय होते’ म्हणतो आणि कोणते औषध फवारले ते विचारल्यावर डब्याचा रंग सांगतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. परदेशातून तयार प्रसंग विकत घेऊन भागणार नाही. फवारणीची विषबाधा, घोणस आणि मण्यार, रात्रीची अडलेली बाळंतीण हे आपले प्रसंग आपल्या डॉक्टरांनी, आपल्या बोलीत तयार करून घ्यावेत. ते महाविद्यालयात ठेवावेतच, पण तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरकडून पावसाळ्यापूर्वी त्यांची उजळणीही करून घ्यावी. ऑगस्टमध्ये फवारणीचा जोर वाढतो, तोवर ही तयारी झालेली असावी.